कर्झन रोड आणि राजदूतचे टायर

दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये माझा रोजचा रस्ता कस्तुरबा गांधी मार्ग. जुने दिल्लीकर त्याला अजून कर्झन रोडच म्हणतात. नाव बदललं, रस्ता तोच.

जुन्या गाड्यांच्या टायरचंही तसंच आहे. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये राजदूत ३५० आणली, म्हणजे यामाहा आरडी ३५० चा देशी अवतार. तिचे टायर इंचांत: पुढे ३.००-१८, मागे ३.५०-१८. आता दुकानात मिळतो १००/९०-१८. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, उंची रुंदीच्या किती टक्के. तिसरा रिमचा व्यास, तो मात्र इंचांतच राहिला.

जुन्या टायरची उंची साधारण रुंदीइतकीच. साडेतीन इंच म्हणजे ८९ मिलिमीटर. १०० चे ९० टक्के ९०. म्हणून मागे हा बसतो. पुढे बरेच जण ९०/९०-१८ घालतात.

रुबाबासाठी १२० चा घालू नका. अरुंद रिमवर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा फुगतो आणि गाडी वळणावर धड झुकत नाही.

निवृत्तीनंतर शेडमधली राजदूत बाहेर काढणाऱ्यांनी टायरवरचे चार अंकही वाचावेत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं, आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं.