मुंबईआधी इंदूर : समाजशास्त्राच्या वर्गाची एक विसरलेली पायरी

माझी भाची यंदा बारावी पास झाली. परवा ती विजय नगरला आमच्या घरी आली आणि म्हणाली, "मामा, मला समाजशास्त्र घ्यायचंय." घरातून लगेच ठरलेला प्रश्न आला, "ते शिकून पुढे करणार काय?" तीसेक वर्षांपूर्वी मी याच शहरात समाजशास्त्रात एम. ए. केलं, तेव्हा मलाही हेच विचारलं होतं. नीट उत्तर देता आलं नव्हतं. मंडळासाठी हे टिपण तयार करताना ते सापडलं, आणि तेही आपल्याच गावच्या इतिहासात.

आमच्या वर्गात विषयाची सुरुवात युरोपातून व्हायची. कॉम्त, दुर्खीम, वेबर. भारताची पाळी आली की एक वाक्य : १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग निघाला, पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. हे स्कॉटिश गृहस्थ मुंबईच्या वर्गात उभे राहण्याआधी इंदूरच्या गल्ल्यांतून हिंडत होते, हे कुणी सांगितलंच नाही.

तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या काळात दरबारने शहराच्या आखणीसाठी गेडिस यांना बोलावलं. १९१७ हे साल त्यांना फार जड गेलं होतं. एप्रिलात थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर पडला, जूनमध्ये पत्नी इथेच हिंदुस्थानात वारली. तशा मनःस्थितीत त्यांनी इंदूर पायी पाहिलं. त्यांची रीत वैद्याची : आधी निदान, मग उपचार. सरसकट घरं पाडून रुंद रस्ते काढायला त्यांचा विरोध असे. मोजकी पडकी बांधकामं काढावीत, झाडं राखावीत, मोकळी जागा मिळवावी, असं त्यांचं म्हणणं. १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल दरबारला सादर झाला. त्यात नद्या, घरं, बागा तर आहेतच, शिवाय इंदूरला विद्यापीठ कसं असावं यावरही सविस्तर लिहिलंय. ते विद्यापीठ प्रत्यक्षात यायला १९६४ उजाडलं. १९८८ पासून त्याला देवी अहिल्येचं नाव आहे.

त्या मुक्कामातली दिवाळीची मिरवणूक जुन्या वाचकांना ठाऊक असेल. शहरात प्लेगची भीती होती. गेडिसनी जाहीर केलं की यंदा मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता, ज्या आळ्या सर्वांत स्वच्छ होतील त्यांतून जाईल. लोक झाडलोटीला लागले. मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर होता. स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगारही होते. तुळशीची रोपं वाटली गेली, आणि शेवटी तो उंदीर जाळला.

गोष्ट छान आहे, पण इथेच थांबावंसं वाटत नाही. हार दुसऱ्या दिवशी सुकले. झाडू त्याच हातांत राहिला आणि ते हात कोणत्या जातीचे, हेही बदललं नाही. या प्रश्नाला हात घालणारा माणूस आपल्याच शेजारचा. महूला जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात जातीची उत्पत्ती आणि घडण यावर निबंध वाचला होता. म्हणजे गेडिस इंदुरात वस्ती कशी सुधारावी हे पाहत होते, त्याच्या वर्षभर आधी महूच्या विद्यार्थ्याने वस्त्या अशा वेगळ्या का, हे विचारून झालं होतं. माझ्या मते समाजशास्त्र आणि सामाजिक धोरण या अभ्यासाला हे दोन्ही प्रश्न लागतात. एक सोडला की दुसरा लंगडतो.

मुंबईत गेडिस यांच्या व्याख्यानांना मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये बसत. ते संस्कृत शिकवत होते. मुंबई शहरावर निबंध लिहून त्यांनी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आले आणि १९२४ साली विभागाची धुरा घेतली. त्यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे. कोयना धरणाने विस्थापित झालेल्या लोकांची त्यांनी केलेली पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. घर सोडून गेलेल्यांचं पुढे काय झालं, हे गावोगाव जाऊन विचारायचं काम. गल्लीत जाऊन पाहण्याची ती जुनी रीतच.

आता आपल्या दारात येऊ. विजय नगर ही विकास प्राधिकरणाची वसाहत. अजूनही रिक्षावाल्याला स्कीम चौपन्न सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो. २०१७ साली, म्हणजे त्या मिरवणुकीनंतर सुमारे शंभर वर्षांनी, इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं. आम्हाला अभिमान आहेच. पण पहाटे आमच्या चौराह्यावर झाडू मारणारी बाई कुठून येते, तिची मुलं कोणत्या शाळेत जातात, हे मला सांगता येत नाही. एम. ए. असूनही.

भाचीला मी एवढंच सांगितलं, "हे शिकून काय करायचं ते चौराह्यावरच दिसेल. आधी जाऊन विचार, मग पुस्तक उघड." ती वही घेऊन जाणार आहे. मीही बरोबर जाईन म्हणतो.

कुणाच्या घरी त्या काळच्या इंदूरचे फोटो, पत्रं किंवा नगरपालिकेचे जुने कागद असतील, तर मंडळाला जरूर कळवावं.