झेंडूचं एक फूल, की शंभर?

दसऱ्याचं तोरण उतरवाल तेव्हा सुकलेला झेंडू मोडून बघा. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी एक बारीक काळी काडी असते. तेच बी. म्हणजे जिला आपण पाकळी म्हणतो, ते एक स्वतंत्र फूल. अख्खा झेंडू हा फुलांचा गुच्छ. शेवंती, सूर्यफूल याच कुळातली. जास्वंदीचं तसं नाही, तिथे एक फूल म्हणजे एकच.

आता गंमत ऐका. हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतरच तो समुद्रापार निघाला. इंग्रजीत त्याला 'आफ्रिकन मॅरिगोल्ड' म्हणतात, ते साफ चूक! मेक्सिकोच्या नाहुआतल भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ आहे 'वीस फुलं'. लिनियसने १७५३ मध्ये लॅटिन नाव दिलं, 'टॅजेटिस इरेक्टा', पण मला जुनंच जास्त नेमकं वाटतं.

मग तोरण आपलं नाही का? आहे की! आपटा इथला, झेंडू परका, आणि दसऱ्याला दोन्ही लागतात. आजीला मात्र हे जरा जपून सांगा.

अमेरिकेत दिवाळीला झेंडू मिळाला नाही, तर मेक्सिकन दुकानात विचारा. १ आणि २ नोव्हेंबरला आपल्या मृतांच्या आठवणीत त्यांनाही तोच लागतो.