आलीचा लाल रंग आणि जर्मन पेटंट

दर्यापूर : वऱ्हाडच्या खारपाणपट्ट्यातील दर्यापूर-बनोसा ही जुळी वस्ती कापसाच्या बाजारपेठेसाठी परिचित आहे. कापूस इथला; पण कापडावर चढणारा लाल रंग कुठला, या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालटले. ते पालटले ऱ्हाईन नदीकाठच्या एका कारखान्यामुळे.

तत्पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडातील रंगारी लाल रंगासाठी आलीची मुळे वापरीत. आल ही बारतोंडीच्या कुळातील वनस्पती. लागवडीनंतर तीन-चार वर्षांनी मुळे खणून काढावी लागत. कापडावर तेल व तुरटीचे संस्कार झाल्याखेरीज रंग बसत नसे. युरोपात हे काम मंजिष्ठेच्या जातीतील एका वनस्पतीची मुळे करीत. त्यांतील रंगद्रव्य म्हणजे अलिझरिन. आलीतील द्रव्य त्याचेच जवळचे नातलग.

१८६८ मध्ये बर्लिनमध्ये कार्ल ग्रेबे व कार्ल लिबरमान यांनी डांबरातील अँथ्रासिनपासून अलिझरिन तयार केले. त्यासाठी ब्रोमिन लागे, आणि ते परवडणारे नव्हते. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘बाडिशे आनिलिन उंड सोडा फाब्रिक’ अर्थात बीएएसएफचे रसायनज्ञ हाइनरिश कारो यांनी ब्रोमिनऐवजी गंधकाम्ल वापरून मार्ग सुकर केला. या तिघांचा ब्रिटिश पेटंटसाठीचा अर्ज २५ जून १८६९ रोजी दाखल झाला. विल्यम पर्किन यांचा त्याच विषयावरील अर्ज आला दुसऱ्या दिवशी! अखेर उभयतांनी बाजारपेठ वाटून घेतली.

जर्मनीत मात्र तेव्हा देशव्यापी पेटंट कायदाच नव्हता. साहजिकच हेक्स्टसारख्या प्रतिस्पर्ध्यांनीही अलिझरिन काढले व भाव कोसळले. फ्रान्स-हॉलंडमधील मंजिष्ठेची शेती त्यात बुडाली आणि स्वस्त अलिझरिन भारतीय बाजारात पोहोचल्यावर आलीचीही तीच गत झाली.

१८७७ मध्ये जर्मनीचा पेटंट कायदा आला. त्यात रासायनिक पदार्थाला नव्हे, तर तो तयार करण्याच्या प्रक्रियेलाच संरक्षण होते. त्याच वर्षी बीएएसएफच्या मिथिलीन ब्लूला डांबरजन्य रंगासाठीचे पहिले जर्मन पेटंट मिळाले. रॉबर्ट कॉख यांना १८८२ मध्ये क्षयाचे जंतू दाखविण्यास हाच रंग उपयोगी पडला. तोच पदार्थ दुसऱ्या रीतीने करण्यास प्रतिस्पर्ध्याला मुभा असल्याने कंपन्यांनी संशोधनशाळांवर अमाप पैसा ओतला. बीएएसएफची कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली, ती याच चढाओढीतून. बिहारातील निळीच्या मळ्यांना तिचा जबर तडाखा बसला.

ज्या नियमाने जर्मन कंपन्यांना चढाओढीत उतरविले, तोच भारताने १९७० च्या पेटंट कायद्यात औषधांसाठी स्वीकारला. कायद्याच्या व्याख्येनुसार कीटकनाशकेही औषधांत मोडत. पेटंट केवळ प्रक्रियेला आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षांचे असल्याने परदेशी कंपनीचे रसायन निराळ्या रीतीने बनविण्याची वाट देशी कारखानदारांना मोकळी झाली. कपाशीवरील फवारणीची औषधेही याच तरतुदीखाली येत. १ जानेवारी २००५ पासून मात्र पदार्थालाच पेटंट मिळू लागले. जर्मनीने हा बदल १९६८ मध्येच केला होता.