केप एस्पेनबर्गच्या रेघा

रात्री डिप्लॉयमेंट अडकलं की वाट बघण्यापलीकडे फार काही करता येत नाही. अशा वेळी मी मोबाइलवर नकाशा उघडून कुठेतरी भटकत असतो. एकदा असाच अलास्काच्या वायव्येला, स्यूअर्ड द्वीपकल्पावर पोचलो. त्याच्या उत्तर टोकाला जमिनीची एक निमुळती जीभ समुद्रात शिरलीये, अगदी आर्क्टिक वृत्ताच्या रेषेवर. नाव केप एस्पेनबर्ग. उपग्रहाच्या फोटोत तिच्यावर समांतर रेघा दिसतात, अंगठ्याच्या ठशासारख्या. मला आधी वाटलं, फोटोच खराब असेल.

त्या रेघा म्हणजे वाळूच्या बांधांच्या आणि टेकड्यांच्या रांगा आहेत. वाळूची टेकडी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर राजस्थान येतं. वर्षातले कितीतरी महिने समुद्रच गोठून जातो, अशा ठिकाणी त्या कुठून आल्या?

या टोकाला नाव दिलं रशियन नौदलातल्या ओट्टो फॉन कोत्झेब्यूनं. पोरवयात तो क्रुझेनश्टर्नच्या पृथ्वीप्रदक्षिणेला गेला होता आणि एस्पेनबर्ग हे त्या सफरीतले डॉक्टर. १८१६च्या ऑगस्टमध्ये ‘रुरिक’ जहाज घेऊन कोत्झेब्यू इथल्या आखातात शिरला. आत एका किनाऱ्यावर ही मंडळी गवत आणि शेवाळावरून चालत होती. एके ठिकाणी कडा ढासळलेली होती. बघतात तर आत माती नाहीच, सगळा बर्फ! वर मातीचा पातळ थर आणि आसपास मॅमथची हाडं. पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीतल्या बर्फाचं हे फार जुन्या लेखी वर्णनांपैकी एक.

गंमत पुढे आहे. दहा वर्षांनी, १८२६ साली, ब्रिटिश नौदलाचा बीची ‘ब्लॉसम’ जहाजातून तिथेच आला आणि म्हणाला, बर्फ फक्त कड्याच्या दर्शनी भागावर चिकटलेला आहे, आत मातीच आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर ‘बग रिप्रोड्यूस होत नाही’ म्हणून तिकीट बंद! शतकाच्या मध्याला ‘हेराल्ड’ जहाजावरच्या लोकांनी पुन्हा बघून कोत्झेब्यूची बाजू घेतली. बीचीला मी फार दोष देणार नाही. असा कडा वितळला की वरचा चिखल घसरून आतला बर्फ झाकून टाकतो. दहा वर्षांत तिथलं दृश्यच बदललेलं असणार.

वाळूच्या गोष्टीची सुरुवात याच वितळण्यातून होते. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी गोठलेल्या कड्याच्या पायथ्याला खाच पाडतं. ती खोल गेली की वरचा भाग मोठ्या ढेकळांनी खाली कोसळतो. ढेकळातला बर्फ वितळून जातो, बारीक गाळ पाण्यात मिसळून दूर वाहतो आणि जड वाळू मागे उरते. लाटा तिला किनाऱ्याच्या कडेकडेनं पुढे सरकवत नेतात. स्यूअर्डच्या या किनाऱ्यावर तो प्रवाह मुख्यतः ईशान्येकडे, म्हणजे एस्पेनबर्गच्या दिशेनं आहे. उथळ समुद्रतळावरची वाळूही त्यात येऊन मिळते. मग शरद ऋतूतली वादळं येतात. समुद्र अजून गोठलेला नसेल तर लाटा पुळण कापतात, वाळू वर फेकतात. पाणी ओसरलं की ही उघडी वाळू सुकते, वारा ती उचलतो आणि किनाऱ्यावरच्या उंच गवतात ती अडकते. गवत पुरलं जातं, पुन्हा वर येतं, पुन्हा वाळू अडवतं. टेकडी वाढते. पुढे समुद्राच्या बाजूला नवा बांध तयार झाला की जुन्या टेकडीची वाळू बंद होते, तिच्यावर टुंड्रा पसरतो आणि खालून पर्माफ्रॉस्ट तिच्यात चढतो. वितळलेल्या जमिनीतून निघालेली वाळू पुन्हा गोठते.

हे सगळीकडे होत नाही. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर ड्रू पॉइंटला कड्यात बर्फ आणि बारीक गाळच जास्त. तिथे जमीन कोसळते आणि सरळ नाहीशी होते, मागे टेकडी वगैरे काही उरत नाही.

एस्पेनबर्गच्या रांगा साधारण चार हजार वर्षांच्या आहेत. मी आधी त्या झाडाच्या वर्तुळांसारख्या मोजायला निघालो होतो. ते चूक. ओवेन मेसन आणि जेम्स जॉर्डन यांनी १९९०च्या दशकात मांडलं की वादळी शतकांमध्ये उंच टेकड्या उभ्या राहतात, शांत शतकांमध्ये बुटके बांध. शिवाय मोठं वादळ आधीचे बांध कापूनही नेतं. म्हणजे ही नोंदवही लिहिणाराच तिची पानं फाडतो.

या टेकड्यांवर माणसं राहिली, कारण आसपासच्या ओल्या टुंड्रात कोरडी, उंच जागा तीच. इन्युपियाक लोकांच्या पूर्वजांनी इथे जमिनीत अर्धी पुरलेली घरं बांधली. २०११ साली अशाच एका सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या घरात बक्कलसारखी एक ओतीव कांस्याची वस्तू सापडली. कांस्य ओतण्याची कला तेव्हा अलास्कात नव्हती. वस्तू आशियातून, बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून आली होती.

याच किनाऱ्यावर नैर्ऋत्येला शंभरेक किलोमीटरवर शिश्मारेफ गाव आहे. नाव कोत्झेब्यूच्याच जहाजावरच्या अधिकाऱ्याचं. गावकऱ्यांचं स्वतःचं नाव किगिक्ताक, म्हणजे बेट. वाळूच्या एका चिंचोळ्या बेटावर सहाशेच्या आसपास माणसं राहतात आणि बेटाखालची वाळूही गोठलेली. आता समुद्र उशिरा गोठतो, त्यामुळे शरदातली वादळं उघड्या पाण्यावरून थेट किनाऱ्यावर आदळतात. १९९७च्या ऑक्टोबरमधल्या वादळानंतर कडेची घरं उचलून मागे न्यावी लागली. इथून सुटलेली वाळू लाटांबरोबर ईशान्येकडेच निघते. काही खाजणात जाईल, काही खोल समुद्रात, थोडी कदाचित एस्पेनबर्गपर्यंतही पोचेल. नकाशावर ज्या रेघा मला सुंदर वाटल्या होत्या, त्यांत कुणाच्या तरी अंगणाची वाळू असू शकते, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

गाव हलवावं का, यावर ऑगस्ट २०१६ मध्ये मतदान झालं. हलवावं, ८९. इथेच राहावं, ७८. त्याआधी २००२ मध्येही हलवण्याच्या बाजूनं कौल पडला होता. गाव अजून बेटावरच आहे, समुद्राच्या बाजूला दगडांचा बंधारा घालून. स्थलांतराला लागणारा पैसा मोठा आहे, आणि मुख्य भूमीवर गेलं तरी पायाखाली पर्माफ्रॉस्टच आहे.