थंड प्रदेशातलं ब्लूटंग : जोखमीच्या नकाशाची रेघ कुठे चुकली?

रोगप्रसाराचं मॉडेलिंग शिकताना आपण समीकरणापासून सुरुवात करतो. ब्लूटंगचा इतिहास वाचताना मात्र आधी कीटकाकडे बघा.

ब्लूटंग हा मेंढ्या-गायींचा विषाणूजन्य रोग. मेंढीचं तोंड सुजतं, कधी जीभ निळी पडते. (महाराष्ट्रात त्याची नोंद १९६४ साली झाली, म्हणजे आपल्याकडे तो नवा नाही.) डासापेक्षाही बारीक अशी क्युलिकॉइड्स प्रजातीतली चावरी चिलटं तो पसरवतात, हे दक्षिण आफ्रिकेत डू टॉइट यांनी १९४४ मध्ये दाखवलं. पुढे त्यातली 'इमिकोला' ही उष्ण प्रदेशातली जात मुख्य वाहक मानली गेली. त्यामुळे युरोपात बराच काळ प्रश्न एकच होता : इमिकोला उत्तरेला कुठवर पोचेल? स्थानिक जातीही हे काम करू शकतात, असा इशारा २००५ मध्ये पर्स आणि सहकाऱ्यांनी दिला होता.

ऑगस्ट २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये, मास्ट्रिख्टच्या आसपास, ब्लूटंग सापडला. तिथे इमिकोला नव्हतीच! रोग पसरवत होती ती तिथलीच चिलटं. पाठोपाठ बेल्जियम, जर्मनी, फ्रान्सही.

पण थंडीत हे जमलं कसं? इथे रॉस आणि मॅक्डोनाल्ड यांचं मलेरियाचं जुनं गणित उपयोगी पडतं. चिलटाच्या अंगात शिरलेला विषाणू लगेच पुढे जात नाही, आधी तिथे वाढावा लागतो. साधारण १२ अंशांखाली ही वाढ जवळपास थांबते. त्याच्या वर जितकी थंडी, तितका जास्त वेळ. आता हिशोबासाठी काल्पनिक आकडे घ्या. उबेत वाढीला १० दिवस लागतात आणि रोज २०% चिलटं मरतात, तर १०० पैकी ११ उरतात. गारव्यात २० दिवस लागले, पण रोज १०%च मेली, तर? १२ उरतात. करून बघा. थंडीत चिलटं चावतात कमी, हे खरं, पण जगतात जास्त. तापमान एकाच समीकरणात तीन ठिकाणी येतं आणि तिन्हीकडे एकाच दिशेने ओढत नाही. २००८ मध्ये गबिन्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनसाठी असंच तापमानावर चालणारं मॉडेल मांडलं आणि कोणत्या आकड्याच्या अनिश्चिततेने उत्तर किती हलतं तेही तपासलं. माझ्या मते तो पेपर निकालांपेक्षा या तपासणीसाठी वाचावा.

मग हिवाळा आला. चिलटं जवळपास दिसेनाशी झाली, म्हणजे साखळी तुटायला हवी होती. २००७ मध्ये रोग परतला, आदल्या वर्षापेक्षा मोठा, आणि सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या सफोकमध्येही पोचला. २००८ च्या सुरुवातीला नेदरलँड्समधून उत्तर आयर्लंडला नेलेल्या गाभण कालवडींची वासरं जन्मतःच बाधित निघाली. विषाणूला गर्भातूनही वाट होती. त्या वाटेला चिलट लागतच नाही, आणि नेहमीच्या समीकरणात तिच्यासाठी पदच नव्हतं.