परस्परांना छेदणारी वर्तुळे

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागाला ज्या देवळावरून नाव मिळाले, ते काडु मल्लेश्वराचे देऊळ होय. काडु म्हणजे कानडीत रान. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाल्यानंतर त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६६९ साली या देवस्थानास मेदारनिंगनहळ्ळी हे गाव दान दिले. त्या दानाचा लेख कानडीत आहे. दाता मराठा, लेख कानडी आणि देव उभयतांचा! पुढे १८९८ च्या प्लेगनंतर येथे आखीव वसाहत उभी राहिली व नाना भाषांची कुटुंबे शेजारी शेजारी नांदू लागली. अशा ठिकाणी ‘तुम्ही मराठी की कानडी?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे कित्येकांना अवघड जावे, हे स्वाभाविक आहे. माध्यमिक शाळेतील संचांचा पाठ मात्र या अडचणीतून सहज वाट काढतो. त्या पाठातील वर्तुळांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

वर्तुळे काढून तर्क समजावण्याची रीत लिओनार्ड ऑयलर यांनी लोकप्रिय केली. एका जर्मन राजकन्येला त्यांनी लिहिलेली पत्रे १७६८ पासून प्रसिद्ध झाली. सर्व आंबे फळे आहेत, असे सांगावयाचे असले, तर या रीतीने आंब्यांचे लहान वर्तुळ फळांच्या मोठ्या वर्तुळात काढावयाचे. पण यात एक उणीव होती. दोन समूहांचे नाते आधी ठाऊक नसेल, तर चित्र काढावे कसे?

ही उणीव केंब्रिजचे तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १८८० साली दूर केली. त्यांनी वर्तुळे सुरुवातीलाच परस्परांना छेदतील अशी काढली. दोन वर्तुळांनी, बाहेरचा भाग धरून, चार कप्पे होतात. तीन वर्तुळांनी आठ. संभवनीय असेल त्या प्रत्येकाला आधी जागा द्यावयाची आणि जो कप्पा रिकामा असल्याचे सिद्ध होईल, तेवढाच छायांकित करावयाचा. पुराव्यावाचून कोणालाही वगळावयाचे नाही, हे या आकृतीचे खरे मर्म होय.

मल्लेश्वरममधील एखाद्या वर्गाची कल्पना करू. मुले ४०. कानडी येणारी २८, मराठी येणारी २२. बेरीज ५० भरते. मग ही जादा दहा मुले आली कोठून? दोन्ही भाषा येणारी १४ मुले दोनदा मोजली गेली, हे उमगताच कोडे सुटते. ५० मधून १४ वजा करता ३६ उरतात. राहिलेली चार मुले दोन्ही वर्तुळांबाहेर असली, तरी वर्गाच्या चौकटीत आहेतच.

वेन यांच्याच काळात जर्मनीत गेऑर्ग कँटर अनंत संचांचे गणित रचीत होते. हे दोन स्वतंत्र प्रवाह शाळेच्या फळ्यावर एकत्र आले ते विसाव्या शतकात. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेत गणिताच्या शिक्षणाची फेररचना करण्याच्या प्रयत्नांना जोर चढला. त्या ‘नव्या गणिता’त संचांना मानाचे स्थान मिळाले. महाराष्ट्रातही २०१७ च्या नववीच्या गणित पुस्तकाचा पहिलाच पाठ संचांचा आहे. मराठीने ‘संच’ म्हटले, हिंदीने ‘समुच्चय’, तर कानडीने ‘गण’. शिवाच्या परिवाराला जो शब्द, तोच मल्लेश्वराच्या सावलीतील कानडी शाळेत गणिताला लाभला!

या नव्या गणितावर टीकाही झाली. चिन्हांच्या सोसात साधी आकडेमोड मागे पडते, असा आक्षेप मॉरिस क्लाइन यांनी १९७३ साली घेतला. त्यात तथ्य आहे. छेद आणि संयोग यांची चिन्हे केवळ पाठ करणाऱ्या मुलाला वरची १४ मुले कधीच दिसणार नाहीत.

ती दिसणे अगत्याचे आहे. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा म्हणून एकच भाषा नोंदली गेली. येणाऱ्या इतर भाषांची नोंद निराळी झाली. मोजणीच्या सोयीसाठी ते ठीक असेल. पण घरात मराठी आणि अंगणात कानडी बोलत वाढलेल्या मुलाला दोहोंपैकी एक भाषा परकी मानण्याचे कारण नाही. त्याची जागा दोन्ही वर्तुळांत आहे, आणि ती कशी दाखवावी हे त्याला शाळेतच शिकता येते.