३२०० ची रॅम २४०० वरच चालतेय? एक्सएमपी सुरू करा, पण तपासल्याशिवाय विसंबू नका!

हौसेने नवीन कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. रॅमच्या खोक्यावर ठळक आकड्यात ३२०० लिहिलेलं. घरी येऊन टास्क मॅनेजर उघडला, तर मेमरीचा स्पीड दिसतोय २४००! दुकानदाराने फसवलं की काय?

बहुतेक वेळा तसं काही नसतं. फक्त बायोसमधली एक सेटिंग सुरू करायची राहिलेली असते.

असं का होतं?

रॅमच्या पट्टीवर एक छोटी चिप असते. तिच्यात त्या रॅमची माहिती साठवलेली असते. कॉम्प्युटर सुरू होताना मदरबोर्ड ती वाचतो आणि ‘जेडेक’ या संस्थेने ठरवलेल्या सुरक्षित वेगावर रॅम चालवतो.

खोक्यावरचा मोठा आकडा मात्र बऱ्याचदा ओव्हरक्लॉकिंगचा असतो. त्याची सेटिंग त्याच चिपमध्ये वेगळ्या प्रोफाइलमध्ये असते. इंटेलच्या प्रोफाइलला ‘एक्सएमपी’ म्हणतात, तर एएमडीने डीडीआर ५ साठी २०२२ मध्ये ‘एक्स्पो’ आणलं. हे प्रोफाइल आपल्याला स्वतः सुरू करावं लागतं.

सुरू कसं करायचं?

१. आधी महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या. ही पायरी गाळू नका, कारण पुढे कळेलच.

२. दोन पट्ट्या असतील आणि मदरबोर्डवर चार स्लॉट असतील, तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये त्या बसवतात. मदरबोर्डचं मॅन्युअल एकदा पाहून घ्या.

३. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा. एक्सएमपी किंवा एक्स्पो निवडा, सेव्ह करून बाहेर पडा.

डीडीआर ५ असेल तर यानंतर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाबरून बटण दाबू नका. मदरबोर्ड नव्या वेगाची जुळवाजुळव करत असतो.

फक्त मोठ्या आकड्याला भुलू नका

रॅमच्या खोक्यावर १६-१८-१८-३६ असे आकडेही असतात. यांना टायमिंग म्हणतात. पहिला आकडा म्हणजे सीएल. माहिती मागितल्यावर ती मिळायला किती क्लॉक लागतात, हे तो सांगतो.

खरा वेळ काढायला सोपं गणित आहे: सीएलला २००० ने गुणा आणि स्पीडने भागा. उत्तर नॅनोसेकंदात येतं.

- ३२०० सीएल १६ : १० नॅनोसेकंद
- ३६०० सीएल १८ : १० नॅनोसेकंद
- ३२०० सीएल २२ : १३.७५ नॅनोसेकंद

म्हणजे ‘३२००’ लिहिलेल्या दोन रॅम सारख्या असतीलच असं नाही!

कॉम्प्युटर सुरू झाला म्हणजे जमलं का?

नाही, आणि इथेच अनेकजण फसतात. रॅममध्ये अधूनमधून एखादा बिट चुकला, तरी विंडोज व्यवस्थित चालताना दिसू शकतं. पण तुम्ही लग्नाचे फोटो एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कॉपी करत असाल, तर ते रॅममधूनच जातात. तिथे चूक झाली तर बिघडलेली फाइल सेव्ह होते आणि कुठलीही सूचना येत नाही. कळतं ते काही महिन्यांनी, फोटो उघडत नाही तेव्हा.

डीडीआर ५ च्या चिपमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय असते, पण ती चिपच्या आतल्या चुकांसाठी. रॅम ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही.

म्हणून मेमटेस्ट ८६ पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. काही तास लागतात, त्यामुळे रात्री लावून झोपलेलं बरं. नंतर विंडोजमध्ये टीएम ५ सारखी चाचणीही चालवा. नियम एकच : एकही चूक चालणार नाही. शंभरात एक चुकली तर काय झालं, असा हिशोब इथे नसतो.

रॅम तापली की चुका वाढू शकतात. थंडीत पास झालेली सेटिंग विदर्भातल्या मे महिन्यात नापास होऊ शकते. उन्हाळ्यात चाचणी पुन्हा करा.

चूक आली तर?

वेग एक पायरी खाली आणा, म्हणजे ३६०० वरून ३४६६ किंवा ३२००, आणि पुन्हा तपासा. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर वीज बंद करून, प्लग काढून, मॅन्युअलप्रमाणे ‘क्लिअर सीमॉस’ करा. बायोस मूळ सेटिंगवर येतो.

व्होल्टेज मात्र अंदाजाने वाढवू नका. डीडीआर ४ चं ठरलेलं व्होल्टेज १.२ असतं, एक्सएमपीमध्ये ते साधारण १.३५ होतं. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्याच्या घटना समोर आल्या. एक्स्पो सुरू केल्यावर काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला जास्त व्होल्टेज देत होते. मग बायोस अपडेट देऊन त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. म्हणून आधी बायोस अपडेट करा आणि वॉरंटीच्या अटी वाचा. एक्सएमपी आणि एक्स्पो हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे.

थोडा जास्त वेग मिळाला तर उत्तमच. पण त्यासाठी घरातले फोटो पणाला लावू नका. आधी बॅकअप, मग सेटिंग, मग चाचणी, हा क्रम लक्षात ठेवा!